बावीस मिमीचा झोन आणि आजोबांचा पाय

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचं गाव सांगोल्याजवळ, डाळिंबाची बाग आहे. प्रोजेक्टसाठी बांधावरची, ओढ्याकाठची आणि गोठ्यामागची अशी माती घेतली होती. गोठ्यामागच्या मातीतनं एक पांढरी खडूसारखी कॉलनी आली, तिने स्टॅफ या जिवाणूच्या प्लेटवर २२ मिमीचा झोन दिला, म्हणजे तेवढ्या वर्तुळात स्टॅफ वाढलाच नाही. बॅसिलसवर पण दिला, ई. कोलायवर काहीच नाही. इथिल अ‍ॅसिटेटने एक्स्ट्रॅक्ट काढला तर मस्त केशरी रंग आला. मी त्या रात्री झोपलेच नाही. पण गाईड सर म्हणाले, स्ट्रेप्टोमायसिस आहे, त्यात आता काय राहिलंय, लिही आणि सबमिट कर. घरी आजोबांना शुगर आहे, दोन महिने पायाची जखम भरत नाहीये, रिपोर्टमध्ये क्लेबसिएला हा जिवाणू आलाय आणि औषधांच्या यादीत जवळजवळ सगळीकडे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. काका म्हणतात तुझंच ते एक्स्ट्रॅक्टचं पाणी लावून बघू, मातीतलंच तर आहे, नैसर्गिक आहे. मी निदान जखमेचा स्वॅब कॉलेजात नेऊन माझ्या प्लेटवर तपासू का? आणि पप्पा म्हणतात फार्मा कंपनीत क्यूसीचा, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायचा जॉब मिळतोय तो घे. पण ताई, हे खरंच नवीन अँटिबायोटिक असेल तर?"

अगं,

सगळ्यात आधी काकांचं. ते पाणी आजोबांच्या पायाला लावायचं नाही. एक थेंब पण नाही, गाळून नाही, उकळून नाही, हळदीत कालवून नाही. आज संध्याकाळीच काकांना समोर बसवून सांग, आणि बाटली घरी आणली असशील तर उद्याच्या उद्या लॅबला परत ने. तुझ्या पत्रातल्या एका शब्दाने माझ्या पोटात गोळा आला, तो शब्द म्हणजे 'केशरी'.

का ते सांगते. १९४० मध्ये अमेरिकेत रटगर्सला सेलमन वॅक्समन आणि बॉइड वुड्रफ या दोघांनी मातीतल्या अशाच एका जिवाणूपासून अ‍ॅक्टिनोमायसिन काढलं. अ‍ॅक्टिनोमायसिटीस या जिवाणूंच्या घराण्यातनं (तुझा स्ट्रेप्टोमायसिस त्यातलाच) शुद्ध करून वेगळं काढलेलं ते पहिलं अँटिबायोटिक. रंग लालसर केशरी, इथिल अ‍ॅसिटेटमध्ये छान उतरतं, स्टॅफसारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंना मारतं, ई. कोलायचं फारसं काही बिघडवत नाही. ओळखीचं वाटतंय ना? आणि ते इतकं विषारी निघालं की इन्फेक्शनसाठी माणसाला देताच येईना. पुढे त्याचं कॅन्सरचं औषध झालं, डॅक्टिनोमायसिन, लहान मुलांच्या किडनीतल्या विल्म्स ट्यूमरला ते अजून देतात, आणि देताना डोळ्यात तेल घालून बघावं लागतं की शिरेबाहेर एक थेंब जाऊ नये, कारण बाहेरच्या मांसात उतरलं तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. आता विचार कर, आधीच रक्तपुरवठा कमी असलेला शुगरवाल्या म्हाताऱ्या माणसाचा पाय, आणि त्यावर हे. तुझं तेच आहे असं मी म्हणत नाही, प्लेट न बघता कोणीच सांगू शकणार नाही, पण 'ते असू शकतं' एवढंच बाटली बंद करायला पुरेसं आहे.

आणि काकांचं 'मातीतलंच तर आहे' हे मी गेली वीसेक वर्षं ऐकतेय, प्रेमापोटीच म्हणतात लोक, पण धनुर्वात पण मातीतलाच आहे ना. गोठ्याजवळच्या शेणामातीत तर त्याचे बीजाणू हमखास, आणि ते उकळीला दाद देत नाहीत. त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे मदुरा फूट. अनवाणी शेतात काम करणाऱ्याच्या पायात काटा घुसतो, त्याबरोबर नोकार्डिया नाहीतर अ‍ॅक्टिनोमॅड्युरा असला जिवाणू आत जातो, आणि वर्षानुवर्षं पाय सुजत जातो, भोकं पडतात, त्यातनं दाणे बाहेर येतात. हा आजार बुरशीनेही होतो, पण हे जे जिवाणू आहेत ते अ‍ॅक्टिनोमायसिटीसच आहेत, तुझ्या पांढऱ्या कॉलनीचे चुलतभाऊ. नैसर्गिक या शब्दावर पाय सोडून द्यायचा नसतो.

तिसरी गोष्ट, ही तुझी तुलाच दिसायला हवी होती, पण घरचं माणूस आजारी असलं की शिकलेलं सगळं बाजूला पडतं, मला माहितीय. आजोबांच्या रिपोर्टमध्ये क्लेबसिएला आहे, तो ग्रॅम निगेटिव्ह. तुझ्या एक्स्ट्रॅक्टने ई. कोलायला हातसुद्धा लावला नाही, तोही ग्रॅम निगेटिव्ह. या घराण्याला बाहेरून आणखी एक पडदा असतो, मातीत सापडणाऱ्या कितीतरी औषधांना तो ओलांडताच येत नाही, आणि चुकून आत गेलंच तर पंप लावून बाहेर फेकतात. म्हणजे तुझं पाणी निरुपद्रवी असतं तरी या जखमेवर त्याचा उपयोग होण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. (२०१९ मध्ये डॅरोबॅक्टिन नावाचं एक सापडलं, तेही जिवाणूकडूनच, हा फोटोरॅब्डस जिवाणू किड्यांना मारणाऱ्या सूत्रकृमींच्या आतड्यात राहतो. त्याची गंमत अशी की ते आत शिरायच्या भानगडीत पडतच नाही, बाहेरच्या पडद्यात जे प्रथिन बसलेलं असतं त्यालाच दारात धरतं. वाच त्याबद्दल, तुला आवडेल.)

स्वॅबचं उत्तरही नाही असंच आहे. असा रेझिस्टंट क्लेबसिएला साध्या पिशवीतनं एसटीने कॉलेजात न्यायचा, तिथे बाकीची मुलं त्याच टेबलावर डबा खातात, हे नको. पेशंटचे नमुने घेऊन काम करायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, बीएसएल-२ ची, म्हणजे रोगजंतू सुरक्षितपणे हाताळायची सोय लागते. तू कलेक्शनमधनं आणलेले स्टँडर्ड स्ट्रेनच वापर. आजोबांसाठी तुझं मायक्रोबायॉलॉजी दुसरीकडे कामाला येईल. डॉक्टरांना विचार की तो रिपोर्ट वरवरच्या स्वॅबचा आहे की आतल्या टिश्यूचा, कारण जखमेच्या तोंडाशी जे उगवतं तेच आत हाडापर्यंत आहे असं नसतं. पायातला रक्तपुरवठा तपासलाय का विचार. मेलेलं मांस काढणं, पायावर भार न येऊ देणं, साखर ताब्यात ठेवणं या तिन्हीशिवाय कुठलंच अँटिबायोटिक काम करत नाही, आणि 'आर' च्या त्या लांबलचक यादीत जिथे कुठे 'एस', म्हणजे लागू पडणारं औषध आहे त्यावरनं काय द्यायचं ते त्यांना ठरवू दे. डायबेटिक फूट बघणाऱ्या सर्जनकडे या आठवड्यात न्या, पुढच्या नको.

आता तुझी कॉलनी.

तू विचारलंयस की नवीन असेल तर काय. मी आधी विचारते, ती कुठे ठेवलीयस? पत्रात कुठेच नाही. माझा अंदाज, प्लेटवर आणि एकदोन स्लँटवर (नळीतल्या तिरक्या आगरवर), फ्रीजच्या दारात. असं असेल तर पत्र इथेच थांबव आणि उद्या ग्लिसरॉल स्टॉक कर. वीस टक्के ग्लिसरॉल, चांगली पिकलेली, भुकटी धरलेली कॉलनी खरवडून स्पोअर त्यात, आठदहा छोट्या ट्यूब, उणे ऐंशी असेल तर उत्तम, नाहीतर उणे वीसमध्येही स्ट्रेप्टोमायसिसचे स्पोअर चांगले टिकतात. निम्म्या ट्यूबना हातच लावायचा नाही. दोन ट्यूब दुसऱ्या बिल्डिंगमधल्या फ्रीजरमध्ये.

हे मी एवढ्या पोटतिडकीने सांगतेय कारण माझी गेली. मीही एमएस्सीलाच होते, नदीकाठच्या गाळातनं एक राखाडी कॉलनी मिळाली होती, मागून बघितलं की वाइनसारखा रंग. तिचा झोन बघायला शेजारच्या डिपार्टमेंटची मुलं आली होती. मी ती दर पंधरा दिवसांनी नव्या स्लँटवर घ्यायचे, अगदी नियमाने, आणि तिसऱ्या महिन्यात झोन लहान झाला, चौथ्यात रंग फिका पडला, मग कॉलनी टक्कल पडल्यासारखी गुळगुळीत यायला लागली आणि झोन गेला तो गेलाच. जुने स्लँट दिवाळीच्या सुट्टीत फ्रीज बंद पडला त्यात संपले. पावसाळ्यानंतर मी त्याच जागी तीन वेळा माती आणायला गेले, तो काठच वाहून गेला होता. सरांनी रिझल्ट लिहायला सांगितलं आणि मी लिहिलाही, फोटो आहे अजून माझ्याकडे, पण जीव नाही. नंतर कळलं की हे या मंडळींचं नेहमीचं आहे. स्ट्रेप्टोमायसिसचा क्रोमोसोम सरळ दोरीसारखा असतो, त्याची टोकं सहज तुटतात, आणि अँटिबायोटिक बनवायला जिवाणूला खर्च येतो, त्यामुळे प्लेटवर सुखात वाढवत राहिलं की जी पिलावळ तो खर्च करत नाही ती पुढे निघते. वारंवार सबकल्चर करून आपणच आळशी पोरं निवडत बसतो. म्हणून पहिल्या पिढीतली गोठव.

पुढे जाऊन ती खरंच काही कामाची निघाली तर पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या छत्राखाली नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहे, तिथे जमा करता येते, पेटंटसाठी लागणारं आंतरराष्ट्रीय मान्यतेचं डिपॉझिटही तिथे होतं. आपल्या मातीतला जिवाणू कोणी बाहेरच्या लॅबला 'टेस्ट करून देतो' म्हणून मागितला तर सरळ देऊन टाकायचा नाही, २००२ चा जैवविविधता कायदा आहे, परवानगी लागते. मेलवर गोड बोलणारे भेटतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवतेय.

मग झोन. २२ मिमी हे वेलचा, म्हणजे आगरमधल्या भोकाचा व्यास धरून की सोडून? आणि झोन मोठा म्हणजे औषध जोरदार असं समजू नकोस, लहान रेणू आगरमध्ये भराभर पसरतो, मोठा रेणू जागेवर रेंगाळतो. व्हँकोमायसिन इतकं भारी औषध, पण स्टॅफसाठी त्याच्या डिस्कच्या झोनवर कोणी भरवसा ठेवत नाही. ताकद बघायची तर एमआयसी काढ, म्हणजे जिवाणू थांबवायला कमीत कमी किती लागतं ते. त्याच्याही आधी कंट्रोल, आणि इथे मला तुझ्या पत्रात काहीच दिसलं नाही म्हणून काळजी वाटली. जिवाणू न घातलेलं तेच मीडियम तितकेच दिवस शेकरवर ठेव, त्याचाही इथिल अ‍ॅसिटेटने एक्स्ट्रॅक्ट काढ, तितकाच सुकव, तितकाच वेलमध्ये टाक. नुसतं सॉल्व्हंट सुकवूनही एक वेल. आणि ब्रॉथचा पीएच बघ, तो खाली आला असेल आणि तू ब्रॉथ तसाच वेलमध्ये घातला असशील तर नुसत्या आम्लानेही झोन येतो, कित्येक प्रोजेक्ट या एका पट्टीवर आपटलेत. न्यूट्रल करून परत लाव. ही सगळी कामं चार दिवसांची आहेत आणि ती झाल्यावर जो झोन उरेल तो तुझा.

सरांचं म्हणणं. ते रागावून बोलले असतील, पण आकड्यांकडे बघितलं तर अर्धे बरोबर आहेत. रिचर्ड बाल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने एक अंदाज मांडलाय, तो या कामातल्या माणसाने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मातीतनं कुठलेही दहा अ‍ॅक्टिनोमायसिटीस उचलले तर साधारण एक स्ट्रेप्टोथ्रिसिन बनवणारा निघतो. शंभरात एक स्ट्रेप्टोमायसिनवाला. हजारात एखादा टेट्रासायक्लिनवाला. व्हँकोमायसिनवाला लाखात एक, आणि डॅप्टोमायसिनवाला कोटीत एक. म्हणजे आपण चाळणीत जे धरतो ते बहुतेक वेळा आधी कोणीतरी धरलेलंच असतं. १९५०-६० च्या काळात सगळ्या मोठ्या कंपन्यांनी जगभरातनं माती गोळा केली, मिशनऱ्याने बोर्निओहून पाठवलेल्या मातीतनं व्हँकोमायसिन आलं, फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतनं एरिथ्रोमायसिन, आणि मग तीच तीच औषधं परत सापडायला लागली म्हणून कंटाळून बंद केलं. सरांच्या पिढीने तो कंटाळा पाहिलाय.

पण तुझ्या केसमध्ये यातनं एक मजेची गोष्ट निघते. स्ट्रेप्टोथ्रिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन दोन्ही ई. कोलायला मारतात, तुझं मारत नाही, शिवाय ती दोन्ही पाण्यात राहणारी आहेत, इथिल अ‍ॅसिटेटमध्ये अशी उतरत नाहीत. म्हणजे सगळ्यात जास्त गर्दी असलेली दोन नावं बहुतेक कटली. उरला मोठा संशयित अ‍ॅक्टिनोमायसिन, आणि त्याला पकडणं सोपं आहे. युव्ही-व्हिजिबलवर स्कॅन घे, ४४० नॅनोमीटरच्या आसपास टेकडी दिसली तर संशय पक्का. टीएलसी करून एक्स्ट्रॅक्टमधले पदार्थ वेगळे कर, जमलं तर स्टँडर्ड शेजारी लावून, आणि प्लेटवरचा कुठला ठिपका स्टॅफला मारतो ते बायोऑटोग्राफीने बघ, कारण रंग एकाचा आणि काम दुसऱ्याचं असंही होतं. मग एलसी-एमएस, म्हणजे रेणूचं वस्तुमान मोजणं, तिथे १२५५ च्या आसपास वस्तुमान आलं की समजायचं. १६एस (जिवाणूची ओळख पटवणारी जीनची तपासणी) पण करून घे, पण त्यावरनं जिवाणू कुठल्या जातीतला ते अंदाजाने कळतं, तो काय बनवतो ते कळत नाही, या दोन गोष्टी व्हायव्हामध्ये निम्मी मुलं एकच समजतात. आणि हे सगळं होईपर्यंत हातमोजे घालून काम कर गं, तो केशरी एक्स्ट्रॅक्ट बोटाला लागू देऊ नकोस.

सरांकडे जाताना 'सर हे नवीन आहे' असं म्हणत जाऊ नकोस. 'सर, हे जुनं कुठलं असू शकतं ते शोधायचंय' असं म्हण. या कामाला डीरेप्लिकेशन म्हणतात, सरांना ते माहीत आहे, आणि असं विचारणारा विद्यार्थी बहुतेक सरांना नाकारता येत नाही. तुझ्या प्रोजेक्टचा खरा चॅप्टरही तोच होईल.

आणि समजा निघालं जुनंच. तुला वाईट वाटेल, दोन दिवस वाटू दे. मग हे बघ की त्या जिवाणूने तुला फक्त एकच खिसा दाखवलाय. २००२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिस सेलिकलरचा जीनोम वाचला, हा जिवाणू लोकांनी अनेक दशकं घासून पुसून अभ्यासलेला, चारपाच पदार्थ बनवतो एवढं माहीत होतं, आणि आत असे पदार्थ बनवणारे जीन्सचे वीसहून जास्त गठ्ठे निघाले. बाकीचे गप्प. मीडियम बदललं, फॉस्फेट कमी केलं, स्टार्चऐवजी दुसरं काही दिलं, शेजारी दुसरा जिवाणू वाढवला की त्यातला एखादा बोलायला लागतो. तुझ्या कॉलनीला पाच वेगळ्या मीडियमवर वाढव, प्रत्येकाचा एक्स्ट्रॅक्ट वेगळा बघ, आणि ज्यात केशरी नाही पण झोन आहे असा एखादा मिळाला तर मला रात्री बारा वाजता लिहिलंस तरी चालेल.

दुसरं म्हणजे तुझ्या जुन्या प्लेटा फेकू नकोस. आपण सगळे सात दिवसांत जे उगवतं ते उचलतो आणि बाकी ऑटोक्लेव्ह करतो. मातीतले बहुतेक जिवाणू लॅबच्या जेवणावर उगवतच नाहीत. बोस्टनच्या लोकांनी २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन जाहीर केलं, त्यासाठी त्यांनी बारीक बारीक खणांची एक पट्टी बनवली, प्रत्येक खणात जेमतेम एक पेशी, आणि ती पट्टी परत मातीतच पुरली, म्हणजे जिवाणूला वाटतं आपण घरीच आहोत. मेन राज्यातल्या माळाची माती, दहा हजार आयसोलेट, म्हणजे वेगळे काढलेले जिवाणू तपासले, त्यात ते निघालं. २०२५ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टरवाल्यांनी लॅरिओसिडिन काढलं ते तर हॅमिल्टनमधल्या एका घराच्या परसातल्या मातीतनं. त्यांची युक्ती काय, तर ती माती लॅबमध्ये जवळजवळ वर्षभर वाढू दिली. घाई न करणं एवढंच. पॅराफिल्म लावून, ओलसर डब्यात, सहा आठवडे ठेवायला तुझ्या कॉलेजला कसलाही निधी लागत नाही.

गोठ्यामागची माती घेतलीस याचं मला फार बरं वाटलं, त्यामागे एक आठवण आहे. स्ट्रेप्टोमायसिन बनवणाऱ्या मूळ दोन स्ट्रेनपैकी एक भरपूर खत घातलेल्या शेताच्या मातीतला होता आणि दुसरा कोंबडीच्या घशातला. अल्बर्ट शॅट्झ तेव्हा २३ वर्षांचा विद्यार्थी, तळघरात एकटा काम करायचा, त्याच्या वहीत १९ ऑक्टोबर १९४३ ही तारीख आहे. टीबीवर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक ते. १९५२ चं नोबेल वॅक्समनना एकट्यांना मिळालं. शॅट्झ त्याआधी १९५० मध्ये कोर्टात गेला होता, तिथे तडजोड झाली आणि सहशोधक म्हणून त्याला कागदावर मान्यता मिळाली, त्यात त्याच्या वह्यांचा मोठा वाटा होता. तुझी वही कशी आहे? सुट्ट्या कागदांवर लिहीत असशील तर बांधीव वही घे, रोजची तारीख, माती कुठल्या झाडाखालची, किती खोलीवरची, त्या बागेत त्या आधी काय फवारलं होतं, सगळं.

फवारणीचं मुद्दाम म्हणतेय. तुमच्याकडे डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन मारलंच असेल, सांगोल्यात कोणाच्या बागेत मारलं नाही? ती पुडी म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, दोन्ही मातीतल्या जिवाणूंकडूनच आलेली माणसांची औषधं, आणि ती पिढ्यान् पिढ्या आपण झाडांवर धुऊन मातीत सोडतोय. सरकारने शेतीतला त्याचा वापर बंद करायचा मसुदा २०२१ च्या डिसेंबरमध्ये काढला. बाग वाचवायची म्हणून शेतकरी मारतो, त्याला दोष देऊन काय होणार, पण मातीतले जिवाणू त्यातनं रेझिस्टन्स शिकतात. तेव्हा तुझ्या तिन्ही जागांची फवारणी पप्पांना विचारून लिहून ठेव, तुझ्या प्रोजेक्टला त्याने वेगळंच वजन येईल. आणि हो, तुझी कॉलनी तेल्या आणणाऱ्या झँथोमोनास जिवाणूवर लावून बघितलीस का? तो ग्रॅम निगेटिव्ह आहे, कदाचित काहीच होणार नाही, पण बाकीच्या ओढ्याकाठच्या आणि बांधावरच्या सगळ्या कॉलन्या पण लाव. सोलापूरला डाळिंब संशोधन केंद्र आहे, सरांकडनं पत्र घेऊन जा, तो जिवाणू हाताळणारी माणसं तिथे बसलीत आणि तू डाळिंबवाल्याची मुलगी आहेस.

नोकरीचं आता. पप्पांवर चिडू नकोस. क्यूसी मायक्रोमध्ये तू स्टेरिलिटी टेस्ट करशील, मीडियाची तपासणी करशील, एन्व्हायर्न्मेंट मॉनिटरिंगच्या प्लेटा मोजशील, कंटाळवाणं वाटेल, पण हात असा बसतो की पुढे पीएचडीला गेलीस तर तुझ्या प्लेटवर बुरशी येणार नाही. अँटिबायोटिक शोधायच्या धंद्यात पैशाची ओढाताण आहे हेही लपवत नाही. अमेरिकेतली अ‍ॅकाओजेन नावाची कंपनी, तिच्या प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, औषध चांगलं असूनसुद्धा, कारण नवं अँटिबायोटिक डॉक्टर जपून वापरतात आणि जपून वापरलेल्या औषधावर कंपनी चालत नाही. दुसरीकडे २०१९ या एका वर्षात रेझिस्टंट जिवाणूंमुळे जगात पावणेतेरा लाखांच्या आसपास माणसं थेट गेली असा लॅन्सेटमधला अंदाज आहे. गरज आहे आणि गिऱ्हाईक नाही, असं हे विचित्र दुखणं आहे, आणि त्याचा भार तुझ्यासारखीच्या एका निर्णयावर टाकणं मला पटत नाही.

पण आपल्याकडे काहीच होत नाही असंही मानू नकोस. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या माणसांनी पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून हमायसिन काढलं, बुरशीवरचं औषध, जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना ठेवलं. आणि आत्ता २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वोखार्टचं नॅफिथ्रोमायसिन जाहीर झालं, चौदा वर्षांचं काम, न्यूमोनियासाठी. ते एरिथ्रोमायसिनच्याच घराण्यातलं आहे, म्हणजे इलोइलोच्या त्या मातीतल्या रेणूचं नातवंड. जुना सांगाडा घेऊन आपल्या माणसांनी नवं औषध उभं केलं. तेव्हा तुझं जुनं निघालं म्हणून तोंड पाडू नकोस असं जे वर म्हटलं ते समजूत घालायला म्हटलेलं नाही.

मी तुझ्या जागी असते तर नोकरी घेतली असती आणि नेट, गेट, डीबीटीची बेट परीक्षा यांचे फॉर्म त्याच वर्षी भरले असते. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर स्टायपेंड घेऊन जा, पप्पांनाही नाही म्हणायला जागा राहत नाही. नाही मिळाली तर पगार येतोय, परत बस. ग्लिसरॉलमधली कॉलनी दोन वर्षं वाट बघते, पाच वर्षंही बघते, तिची घाई नाही. आजोबांच्या पायाची घाई आहे.

सर्जनची अपॉइंटमेंट कधीची मिळाली ते आधी कळव. मग कंट्रोलच्या प्लेटांचे फोटो पाठव, ज्यात काहीच आलं नाही त्या पण, आणि प्रत्येक प्लेटच्या मागे तारीख घालून.

तुझी,
ताई